मजूर कोणाचा? : रोजंदारी, मेस्त्री आणि परवाना



खडा म्हणजे उभा. बेळगावच्या खडेबाजाराच्या नावाची व्युत्पत्ती पंडितांनी लावावयाची तशी लावावी. परंतु सकाळी सातच्या सुमारास भाकरीचा डबा आणि थापी एकाच पिशवीत घालून चौकात उभ्या असलेल्या माणसाला त्या नावाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांच्या फळ्या उघडण्यापूर्वी एक दुसराच बाजार भरून उठलेला असतो. त्यात माल म्हणजे माणसाचा एक दिवस. येळ्ळूर, धामणे, कडोली, उचगाव अशा आसपासच्या गावांतून माणसे शहरात येतात. निपाणीच्या पेठेत, चिकोडीत, संकेश्वरात, आणि दूधगंगेपलीकडे कागलातही याहून वेगळे चित्र नाही. मेस्त्री मोटारसायकलवरून येतो. त्याला दोन गवंडी, चार बिगारी आणि पाटी उचलावयास तीन बायका हव्या असतात. दर मराठीत ठरतो, कामाची जागा कन्नडमध्ये सांगितली जाते आणि घासाघीस पुष्कळदा हिंदीत होते. तीन भाषांत बोलणे होऊनही कागदावर एक अक्षर उमटत नाही.

बहुतेक दिवशी त्यावाचून काही अडतही नाही. संध्याकाळी मेस्त्री पैसे मोजतो आणि व्यवहार संपतो. अडते ते एखाद्याच दिवशी. समजा, घराच्या दुसऱ्या मजल्याचे गिलाव्याचे काम चालू आहे; परांचीची दोरी सुटते आणि बिगारी खाली येतो. इस्पितळात त्याचे नाव लिहून घेतात, वय लिहून घेतात आणि विचारतात, ‘कोणाकडे कामाला?’ घराचा मालक म्हणतो, ‘काम मेस्त्रीला अंगावर दिले होते, माणसे त्याची.’ मेस्त्री म्हणतो, ‘माझी नेहमीची माणसे निराळी, हा चौकातून एका दिवसापुरता आणलेला.’ दोघेही कदाचित खोटे बोलत नसतील. परंतु सकाळी ज्याला तिघांनी हाका मारल्या होत्या, तो माणूस संध्याकाळी कोणाचाच उरत नाही.

मजूर कोणाचा, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. वस्तुतः आपल्या देशातील कामगार कायद्यांचा निम्मा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरलेला आहे. परवाना म्हटले की सामान्य माणसाला शुल्क, शिक्का आणि खेपा आठवतात, आणि ते अगदीच चुकीचे आहे असे नाही. तथापि मजूर पुरविणाऱ्याला परवाना लागू करण्यामागील मूळ हेतू निराळा आहे. परवाना म्हणजे जबाबदारीला जोडलेले नाव. उद्या विचारावयाचे झाल्यास कोणाला विचारावयाचे, हे आज लिहून ठेवणे, एवढेच त्याचे काम.

याचा सर्वांत चांगला धडा याच सीमाभागाच्या ओळखीच्या धंद्यात, विडीच्या धंद्यात, गिरवला गेला. निपाणीचा तंबाखू, वखारींमध्ये तो कुटणाऱ्या-चाळणाऱ्या स्त्रिया, आणि घरोघरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया ही या भागाची जुनी ओळख. विडी कारखान्याच्या नावाने विकली जाते. पण ती पुष्कळदा कारखान्यात वळली जात नाही. मालक कंत्राटदाराला पाने आणि तंबाखू देतो, कंत्राटदार ते घरोघरी वाटतो आणि विड्या हजारांच्या हिशेबाने मोजून घेतो. मधल्या या माणसाला मध्य प्रदेशात सट्टेदार म्हणत. तेथील एका विडी कारखान्यासंबंधीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने तो प्रसिद्ध आहे. १९५८ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार होत. ते आणि त्यांची माणसे कारखाना अधिनियमाच्या अर्थाने त्या कारखान्याचे कामगार नव्हेत. त्या वेळच्या कायद्याच्या शब्दांतून तसाच अर्थ निघत होता. परंतु विडी वळणाऱ्या बाईच्या दृष्टीने त्याचा परिणाम एवढाच की, तिची विडी कारखान्याची, आणि ती स्वतः मात्र कोणाचीच नाही.

हे छिद्र बुजविण्यासाठी संसदेने १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी (सेवाशर्तींविषयी) स्वतंत्र अधिनियम केला. त्यातील परवान्याचे कलम मुद्दाम वाचण्यासारखे होते. परवान्यासाठी अर्ज आला की अधिकाऱ्याने केवळ जागा पाहून थांबावयाचे नव्हते. अर्जदाराचा पूर्वानुभव काय, कायद्याप्रमाणे येणारी देणी भागविण्याची त्याची ऐपत आहे काय, त्या परिसरातील कामगारांच्या हिताशी हे सुसंगत आहे काय, हे पाहावयाचे होते. आणि अर्जदार स्वतःसाठी अर्ज करीत आहे की दुसऱ्या कोणासाठी बेनामी उभा आहे, हेही पाहावयाचे होते. बेनामी हा शब्द आपल्याकडे जमिनीच्या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. मालकपणही बेनामी असू शकते हे ओळखून कायद्याने तो शब्द येथे घातला. अधिनियम करणाऱ्यांनी धंदा जवळून पाहिला होता याची ही खूण होय.

मालकांनी या अधिनियमाला न्यायालयात आव्हान दिले. मंगळूर गणेश विडी वर्क्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने अधिनियम वैध ठरविला आणि कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांची, तसेच घरी बसून विड्या वळणाऱ्यांची जबाबदारी मूळ मालकावर येऊ शकते हे मान्य केले. १९५८ ते १९७४, म्हणजे सोळा वर्षे. तेवढ्या काळात विडी वळणाऱ्या स्त्रियांची एक पिढी म्हातारी झाली.

कायदा झाला म्हणून तो आपोआप वखारीपर्यंत चालत आला, असे मात्र नाही. निपाणी म्हटले की १९८१ चे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन लोकांना आठवते. त्याच सुमारास तंबाखू वखारींतील स्त्रियांनी संघटना बांधून संप केला होता; त्याची आठवण तितकीशी काढली जात नाही. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट तयार केला. तंबाखूच्या धुरळ्यात उभे राहून काम करणाऱ्या स्त्रिया त्यात स्वतःच्या तोंडाने बोलतात. हजेरी लिहिली जावी, दर ठरलेला असावा, ही त्यांची बोलणी कोणत्याही कायद्याच्या पुस्तकातील कलमांशी ताडून पाहता येतील.

विडीनंतर इतर धंद्यांची पाळी आली. कंत्राटी कामगार (विनियमन व निर्मूलन) अधिनियम १९७० साली झाला. मूळ मालकाने आपल्या आस्थापनेची नोंदणी करावयाची, कंत्राटदाराने परवाना घ्यावयाचा, मजुरी मूळ मालकाच्या प्रतिनिधीसमक्ष वाटावयाची आणि कंत्राटदाराने ती बुडविल्यास मूळ मालकाने ती द्यावयाची, अशी त्याची रचना होती. रचना उत्तम होती. परंतु तो वीस किंवा अधिक माणसे असतील तेथेच लागू होता. वीसची अट म्हटल्यावर एकोणीसचा हजेरीपट कसा तयार होतो, हे येथे बसलेल्या अधिकारी मंडळींना सांगण्याची आवश्यकता नाही. एकच मेस्त्री, परंतु कागदावर त्याचा भाऊ आणि मेहुणा हे दोन निराळे कंत्राटदार, असेही होत असे.

आता हे जुने अधिनियम राहिलेले नाहीत. केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि १९६६ चा विडी अधिनियम, १९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम व १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम हे तिन्ही व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावले गेले. विडीच्या जागेचा परवाना कायम आहे. कंत्राटदाराचा परवानाही आहे. तो पाच वर्षांचा झाला, ही सोय झाली. मात्र कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी आता पन्नास किंवा अधिक माणसांना लागू होतात. लहान धंद्यांवरील कागदपत्रांचा बोजा कमी व्हावा हा त्यामागील विचार, आणि तो समजण्यासारखा आहे. पण चौकातून चार बिगारी उचलणारा मेस्त्री वीसच्या अटीतही नव्हता आणि पन्नासच्या अटीत तर त्याचा विचारच नको. त्याच्या बाबतीत परवाना हा शब्द आजही निरर्थक आहे, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

मजुरांच्या मुकादमाला परवाना लावावा की नाही, हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असे समजू नये. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकॅम बे नावाचा उपसागर आहे. ओहोटीला तेथे मैलोगणती वाळू उघडी पडते आणि त्या वाळूतून शिंपल्यातील खाद्यजीव वेचण्याचे काम टोळ्यांना दिले जाते. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री अशीच एक चिनी मजुरांची टोळी वाळूवर असताना भरती आली आणि किमान एकवीस माणसे बुडाली. ती परदेशी होती, त्यांना तेथील भरतीचे वेळापत्रक ठाऊक नव्हते, आणि त्यांना तेथे नेणारा मुकादम मात्र वाचला. पुढे २००६ साली त्याला मनुष्यवधासह इतर गुन्ह्यांबद्दल एकूण चौदा वर्षांची शिक्षा झाली. दुर्घटनेच्या त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने टोळीमुकादमांच्या परवान्याचा कायदा संमत केला. शेती, शिंपले वेचणे आणि त्या मालाची प्रक्रिया यांसाठी मजूर पुरविणाऱ्यास, त्याची टोळी केवढी का असेना, परवाना आवश्यक झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विनापरवाना मुकादमाकडून माणसे घेणाऱ्या शेतमालकालाही गुन्हेगार ठरविण्यात आले. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातही रोजंदारीवर माणसे पुरविणाऱ्या संस्थांना शासनाकडे नोंदणी करावी लागते आणि माणसे घेणाऱ्या कारखान्याला ती नोंदणी तपासून घ्यावी लागते. परवान्याची दोरी दोन्ही टोकांना बांधल्याखेरीज ताणली जात नाही, हे त्या देशांच्या ध्यानी आले. ब्रिटिश कायद्यातून बांधकाम मात्र बाहेरच राहिले, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्याकडील ऊसतोडीच्या टोळ्या या वर्णनात सहज ओळखू येतील. मुकादम गावात जाऊन उचल देतो, कोयता ठरवितो आणि टोळी घेऊन कधी कधी राज्याची सीमा ओलांडतो. १९७९ च्या अधिनियमाखाली दुसऱ्या राज्यातून पाच माणसे आणणाऱ्या कंत्राटदारालाही परवाना लागत असे आणि मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे लागे. नव्या संहितेत ही संख्या दहा झाली आहे. स्वतःहून आलेल्या स्थलांतरित मजुराचाही तीत समावेश झाला, ही तिची जमेची बाजू होय.

दूधगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे कायद्याचा फरक कसा पडतो, हे पाहावयाचे असेल तर हमालांचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी अधिनियम केला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीचे ते फळ होते. त्यात परवान्याऐवजी मंडळाची कल्पना आहे. मालक मंडळाकडे नोंद करतो, कामगारही नोंद करतो, मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळाकडे भरली जाते आणि मंडळ ती कामगाराला देते. आज या दुकानी, उद्या त्या गोदामी काम केले तरी भविष्यनिर्वाह निधी तुटत नाही, कारण कामगार दुकानाचा नसून मंडळाचा असतो. ही कल्पना गोदी कामगारांच्या १९४८ च्या केंद्रीय कायद्यातून पुढे आलेली. गोदीत तर नोंदलेला कामगार हजर राहिला आणि काम मिळाले नाही, तरी हजेरीचा भत्ता मिळण्याची योजना होती. चौकात नऊ वाजेपर्यंत उभे राहून रिकाम्या हाताने परत फिरणाऱ्याला ही गोष्ट कल्पित वाटेल. पण ती मुंबईच्या बंदरात घडलेली आहे.

कर्नाटकात हमालाची नोंद निराळ्या वाटेने झाली. कृषी उत्पन्न बाजाराच्या १९६६ च्या कायद्यात अडत्या आणि व्यापारी यांच्याबरोबर हमाल व तोलणार यांनाही बाजार समितीचा परवाना ठेवण्यात आला. म्हणजे येथे परवाना मजुराच्या गळ्यात आला. त्याने ओळख मिळते, यात शंका नाही. परंतु पोते पाठीवर पडून मणका गेला तर भरपाई कोणी द्यावयाची, याचे उत्तर हमालाच्या बिल्ल्यावर लिहिलेले नसते.

मग नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांनी काय करावयाचे? व्यापारी परवाना देण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहेच. पिठाच्या गिरणीला तो लागतो, उपाहारगृहाला लागतो. पण हा परवाना मुळात जागेचा असतो. धूर, आग, सांडपाणी यांचा विचार करून तो दिला जातो. मेस्त्रीला जागा कोठली? मोटारसायकलची मागची बैठक हेच त्याचे कार्यालय. जागा पाहून माणूस पकडण्याची ही रीत त्याच्यापुढे लंगडी पडते. चौकात पत्र्याची शेड बांधावी, पिण्याच्या पाण्याची आणि स्त्रियांसाठी शौचालयाची सोय करावी, ही मागणी रास्तच आहे. ऊन-पाऊस कोणालाच चुकत नाही. तथापि ज्या शेडमध्ये नोंदवही नाही ती केवळ सावली होय.

स्थानिक संस्थेच्या हाती खरी दोरी येते ती बांधकाम परवानगीच्या टेबलावर. नकाशा मंजूर होताना बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीचा उपकर भरून घेतला जातो. १९९६ च्या कायद्याने खर्चाच्या एक टक्का एवढा तो सुरू झाला आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत चालू आहे. स्वतःच्या राहण्यासाठी पन्नास लाखांपर्यंत खर्चाचे घर बांधणाऱ्यास त्यातून सूट आहे. पैसा येतो तो त्याच टेबलावर, आणि घरमालकाचे नाव, जागा, कामाचा आकार हे सर्वही त्याच टेबलावर असते. नसते ते फक्त मेस्त्रीचे नाव. अर्जासोबत काम करणाऱ्या मेस्त्रीचे नाव व पत्ता मागवून घेणे आणि फलकावर मालकाच्या नावाखाली ते लिहावयास लावणे, ही गोष्ट एखाद्या नगरपालिकेने ठरावाने सुरू केली तर दुसरीला ती गिरविता येईल. यात मेस्त्रीला धाक दाखविण्याचा हेतू नसावा. पुष्कळ मेस्त्री कालपर्यंत स्वतः थापी धरणारे होते. मालकाने बिल अडविले की तेही मजुरांइतकेच उघड्यावर पडतात. नाव लिहिले गेले तर त्यांचाही हक्क लिहिला जातो.

परवान्याच्या जाळ्यातून निसटलेल्या मजुराला काहीच उरत नाही, असेही समजू नये. वेतन संहितेला माणसांच्या संख्येची अट नाही. तिच्याप्रमाणे रोजंदारीवरील माणसाची मजुरी पाळी संपताच द्यावयाची असते. ‘शनिवारी हिशेब करू’ हे बोलणे रोजच्या कराराला लागू पडत नाही. मजुरी मिळाली नाही तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. तो मजुराने स्वतः, त्याच्या संघटनेने किंवा निरीक्षकाने केला तरी चालतो. आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकण्यात आला आहे. मात्र आपण त्याच्याकडे कामाला होतो, हे तरी मजुराला दाखवावेच लागते. म्हणजे फिरून तोच प्रश्न.

अपघाताच्या बाबतीत परिस्थिती अधिक नाजूक आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून असे तत्त्व चालत आले की, कंत्राटदारामार्फत काम करून घेणारा मूळ मालकही भरपाईस जबाबदार असतो. परंतु ते काम त्याच्या धंद्याचा भाग असेल तरच. स्वतःचे घर बांधणाऱ्या शिक्षकाचा किंवा शेतकऱ्याचा बांधकाम हा धंदा नव्हे. तेव्हा अशा घराच्या परांचीवरून पडलेल्याला आधार उरतो तो मेस्त्रीचा, आणि मेस्त्रीची ऐपत नसेल तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाचा. मंडळाकडे नोंदणीसाठी वय अठरा ते साठ आणि मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. नव्वद दिवस काम झालेले असतेच. पण ते तीस जणांकडे तीन-तीन दिवस झालेले असते, आणि दाखला कोणी द्यावयाचा येथे गाडे अडते. अपघातानंतर केलेली नोंदणी त्या अपघाताच्या कामी येत नाही, ही गोष्ट तर वारंवार सांगूनही कमीच पडेल.

म्हणून एका वहीविषयी सांगावयाचे. गावोगावच्या शिक्षक मंडळींनी यात मन घातले तर ते अवघड नाही. घरातील शाळकरी मूलही ती लिहू शकते. रोज संध्याकाळी एक ओळ. तारीख, कामाची गल्ली आणि गाव, घरमालकाचे नाव, मेस्त्रीचे नाव आणि त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक, ठरलेली मजुरी, हाती पडलेली मजुरी. नाव सांगावयास मेस्त्री कां कू करीत असेल तर त्याच्या मोटारसायकलचा क्रमांक. बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावे लिहिली तर आणखी चांगले, कारण उद्या साक्षीला तेच येणार. महिन्याच्या शेवटी मेस्त्रीकडून त्या पानावर सही घ्यावी. न दिल्यास पान तसेच ठेवावे, फाडू नये. वही कन्नडमध्ये लिहावी की मराठीत, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. मजुराला स्वतःला जी वाचता येईल त्या भाषेत लिहावी. अर्ज करतेवेळी त्याचे भाषांतर करून देणारा माणूस सापडतो, न लिहिलेल्या दिवसाचे भाषांतर कोणालाच करता येत नाही.